दोन सॉफ्टवेअरची उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा कोणते खरे मानायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वापरात असलेल्या तीन मजली कार्यालयाचे मॉडेल तुम्ही दोन सॉफ्टवेअरमध्ये उभे केले. त्यांपैकी एक एनर्जीप्लस या इमारतींची ऊर्जा मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या इंजिनावर चालते आणि दुसऱ्याचे गणित स्वतंत्र आहे. वर्षभराच्या कूलिंगच्या ऊर्जेत दोघांमध्ये सुमारे पाव हिश्श्याचा फरक पडतो, आणि दोन्ही आकडे प्रत्यक्ष वीजबिलापेक्षा कमी आहेत. आधी काचा बदलायच्या की छताला उष्णतारोधक थर द्यायचा, हे मालकांना ठरवायचे आहे. म्हणून यातले कोणते सॉफ्टवेअर खरे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. दोन मॉडेल एकमेकांशी का जुळत नाहीत, हा पहिला. मॉडेल बिलाशी का जुळत नाही, हा दुसरा. काच की छत, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे शोधण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोन्हींवर पूर्णपणे अवलंबून असतेच असे नाही. शिवाय तुमच्या इमारतीचे हवामान, दिशा, काचेचे प्रमाण आणि वातानुकूलन यंत्रणेचा प्रकार तुम्ही सांगितलेला नाही. त्यामुळे पुढे जिथे उत्तर या गोष्टींनुसार बदलते, तिथे मी तसे स्पष्ट सांगत जाईन.

आधी फरकाविषयी. पाव हिश्श्याचा फरक ऐकून धक्का बसतो, पण या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर तो अनपेक्षित नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सहकार्यातून रॉन जडकॉफ आणि जोएल नेमार्क यांनी १९९५ मध्ये असे प्रोग्रॅम तपासणारी बेसटेस्ट नावाची चाचणीमाला प्रसिद्ध केली. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेचे मानक १४० पुढे तिच्यावरच उभे राहिले. तिच्यातील ६०० क्रमांकाचे प्रकरण म्हणजे ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच अशी एकच हलक्या बांधणीची खोली. दक्षिणेला १२ चौरस मीटर काच, आत २०० वॉटची स्थिर उष्णता, तासाला अर्धा हवाबदल (म्हणजे तासाभरात निम्म्या खोलीइतकी हवा बदलते), आणि २० व २७ अंशांचे सेटपॉइंट, म्हणजे ज्याखाली हीटिंग आणि ज्यावर कूलिंग सुरू होते ती तापमाने. सगळी माहिती पुरवलेली, हवामानही एकच. तरीही त्या वेळच्या नामवंत प्रोग्रॅमांनी वर्षाची हीटिंगची गरज सुमारे ४.३ ते ५.७ मेगावॉट-तास आणि कूलिंगची सुमारे ६.१ ते ८ मेगावॉट-तास अशी दिली. खोली एकच, तपशील पूर्ण, आणि हे गणित अनुभवी लोकांनी सोडवलेले होते. त्यानंतर प्रोग्रॅम सुधारले आणि एकमेकांच्या जवळ आले. पण तुमच्या इमारतीत शेकडो तपशील आहेत आणि त्यांतले कितीतरी सॉफ्टवेअरने स्वतःहून भरलेले असणार. म्हणून तुमच्यासमोर दोन सॉफ्टवेअरचा वाद आहे असे मी मानत नाही. तुमच्यासमोर दोन वेगळ्या इमारती आहेत, आणि त्या नेमक्या कुठे वेगळ्या झाल्या हे शोधायचे आहे.

त्यासाठी मॉडेलला हात लावण्यापूर्वी दोन्हीकडचा ‘कूलिंग’ हा आकडा एकाच गोष्टीचा आहे का, ते तपासा. एका अहवालात तो कॉइलने काढून घेतलेली उष्णता असते, तर दुसऱ्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज. सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता काढली जाते तो आकडा, ३ असेल तर या दोन आकड्यांत तिप्पट अंतर असते, त्यामुळे ही गफलत सहसा लगेच उघड होते. पण यंत्रणेच्या वर्णनात पंखे, पंप आणि कूलिंग टॉवर धरले की नाही, यातून पडणारा फरक नेमका तुमच्याइतकाच असू शकतो. त्याहून फसवी बाब आर्द्रतेची आहे. हवेतील बाष्प काढून टाकण्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे लेटंट लोड, काही अहवालांत एकूण आकड्यात मिसळलेली असते, तर काहींत फक्त तापमान उतरवण्याचा सेन्सिबल लोड दिलेला असतो. दमट हवामानात आणि बाहेरची ताजी हवा मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्या इमारतीत एवढ्या एकाच कारणाने पाव हिश्श्याचा फरक सहज पडतो. कोरड्या हवामानात तो नगण्य असतो.

हे जुळवूनही फरक उरला, तर मी मॉडेल सोलायला घेतो. पूर्ण इमारतीच्या दोन मॉडेलांची शेजारी-शेजारी तुलना करून कारण सापडत नाही, कारण चुका एकमेकींना झाकतात. एका बाजूला काच जास्त ऊन आत घेत असेल आणि दुसऱ्या बाजूला हवेची गळती जास्त धरली असेल, तर एकूण बेरीज जुळल्यासारखी दिसते आणि कारणे मात्र तशीच राहतात. म्हणून वरच्या मजल्यावरचा कोपऱ्याचा एकच झोन, म्हणजे एकत्र मोजली जाणारी जागा, घ्या. त्यातील खिडक्या, माणसे, दिवे, उपकरणे आणि हवेची गळती सगळे काढून टाका. जमीन आणि शेजारच्या खोल्यांकडून उष्णतेची देवाणघेवाण होणार नाही असे धरा. यंत्रणेच्या जागी, हवी तेवढी उष्णता अचूक पुरवणारी वा काढणारी आदर्श यंत्रणा ठेवा. एनर्जीप्लसमध्ये ती ‘आयडियल लोड्स’ या नावाने मिळते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तिच्यासारखे काहीतरी असतेच. या नग्न खोक्याचे वर्षाचे आकडे दोन्हीकडे काही टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. ते जुळल्यावर एका वेळी एकच गोष्ट परत घाला आणि प्रत्येक पायरीनंतर फरक किती वाढला ते लिहून ठेवा. काम कंटाळवाणे आहे. पण त्याने कारण हाती लागते, आणि सेटिंग अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा ते लवकर लागते.

नग्न खोकाच जुळत नसेल तर बहुतेक वेळा भिंती आणि छताच्या वर्णनात घोळ असतो. यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा, देताना पृष्ठभागाजवळच्या हवेच्या थराचा रोध त्यात धरला की वगळला, हे पाहा. भिंतीसाठी आतला आणि बाहेरचा मिळून तो साधारण ०.१७ चौरस मीटर केल्विन प्रति वॉट धरतात. चांगल्या उष्णतारोधक भिंतीत एवढ्याने काही बिघडत नाही, पण उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये तो एकूण रोधाचा मोठा हिस्सा असतो. त्यानंतर छताच्या बाहेरच्या पृष्ठभागाची सौर शोषकता, म्हणजे पडलेल्या उन्हाचा किती हिस्सा तो शोषतो ते, बघा. माहिती दिली नाही तर एनर्जीप्लस ती ०.७ धरते. चौरस मीटरला ९०० वॉट ऊन आणि बाहेरचा उष्णता-वहन गुणांक २० धरला, तर ०.७ शोषकतेचे छत जणू बाहेरची हवा ३१ अंशांनी जास्त तापलेली आहे असे वागते, आणि ०.३ शोषकतेचे छत १३-१४ अंशांनी. आकाशाकडे निघून जाणाऱ्या उष्णतेमुळे दोन्ही आकडे थोडे खाली येतात. दोन सॉफ्टवेअरमध्ये ही एकच संख्या वेगळी असेल, तर छताविषयीची तुमची सगळी तुलना निरर्थक होते.

यानंतर खिडक्या घाला, आणि इथे भरपूर वेळ द्या. काचेच्या माहितीत चार ठिकाणी गोंधळ होतो. पहिले ठिकाण शेडिंग कोएफिशंट आणि एसएचजीसी यांच्या अदलाबदलीचे. एसएचजीसी म्हणजे पडलेल्या उन्हाच्या उष्णतेचा जो हिस्सा काचेतून आत येतो तो; शेडिंग कोएफिशंट तेच साध्या काचेच्या तुलनेत सांगतो. शेडिंग कोएफिशंटला ०.८७ ने गुणले की एसएचजीसी मिळते, त्यामुळे ०.६ हा शेडिंग कोएफिशंट असेल तर खरी एसएचजीसी ०.५२ च्या आसपास असते. जुन्या उत्पादन-पत्रकात पहिला आकडा असतो आणि सॉफ्टवेअर दुसरा मागते. दुसरे ठिकाण म्हणजे दिलेली संख्या फक्त काचेच्या मध्यभागाची आहे की चौकटीसकट संपूर्ण खिडकीची. तिसरे ठिकाण कोनाचे. उन्हाचे किरण तिरके पडले की काच त्यांना जास्त परावर्तित करते. थरांची पूर्ण प्रकाशीय माहिती दिलेली काच आणि फक्त दोन आकड्यांत बसवलेली काच यांचे तिरक्या किरणांखालचे वागणे वेगळे असते. चौथे ठिकाण सावलीचे. छज्जा, शेजारची इमारत आणि आतले पडदे एका मॉडेलमध्ये आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, असे मी वारंवार पाहतो.

काच घातल्यावर वर्षाच्या बेरजेवर समाधान मानू नका. निरभ्र अशा एका दिवसाचे, प्रत्येक दिशेच्या खिडकीतून आत आलेल्या उन्हाचे तासागणिक आलेख काढा. पूर्वेचा आलेख एकाच्या मानाने दुसऱ्यात तासभर सरकलेला दिसला, तर वेळेच्या पट्ट्यात किंवा वेदर फाइलमधील, म्हणजे हवामानाच्या तासागणिक नोंदींच्या फाइलमधील, तास मोजण्याच्या संकेतात गडबड आहे. उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेली दिसली, तर इमारतीची दिशा चुकीच्या बाजूने फिरवली आहे. दक्षिणेचा आलेख आकाराने सारखा पण उंचीने वेगळा असेल, तर विसरित, म्हणजे आकाशातून पसरून येणाऱ्या, उन्हाचे गणित बहुधा वेगळे आहे. एनर्जीप्लस पेरेझ यांचे मॉडेल वापरते, ज्यात सूर्याभोवतीचा आणि क्षितिजाजवळचा उजेड वेगळा धरला जातो. काही साधने मात्र सगळे आकाश सारखेच उजळ मानतात.

त्यानंतर हवेची गळती. दोन्हीकडे ‘तासाला अर्धा हवाबदल’ असेच लिहिलेले असेल, तरी अर्थ एक असेलच असे नाही. एनर्जीप्लसमध्ये मूळ गुणांकांना हात लावला नाही तर तो प्रवाह वाऱ्या-तापमानाशी संबंध न ठेवता स्थिर राहतो. डीओई-२ या जुन्या प्रोग्रॅमच्या परंपरेतील गुणांक वापरले तर तोच प्रवाह वाऱ्याच्या वेगाला ०.२२४ ने गुणून ठरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वारा असेल तेव्हाच दिलेला आकडा पूर्ण लागू होतो आणि २ मीटरच्या वाऱ्यात तो निम्म्याहून कमी राहतो. तळमजल्याच्या जमिनीचेही असेच आहे. जमिनीचे तापमान दिले नाही तर एनर्जीप्लस बाराही महिने १८ अंश धरते. उष्ण हवामानात याचा अर्थ असा की तळमजल्याला फुकटचे कूलिंग मिळत राहते. वेदर फाइलमधील जमिनीची तापमाने उचलून घालणेही बरोबर नाही, कारण ती उघड्या, इमारत नसलेल्या मातीची असतात, आणि इमारतीखालची माती आतल्या तापमानाकडे झुकलेली असते.

माणसे, दिवे आणि उपकरणे यांच्याबाबत मी थोडक्यातच सांगतो. शेड्यूल, म्हणजे काय केव्हा चालू असते त्याची वेळापत्रके, डोळ्यांनी वाचून जुळवू नका. दोन्ही सॉफ्टवेअरकडून वर्षभराच्या दिव्यांची आणि उपकरणांची एकूण ऊर्जा काढा आणि ती बेरीज जुळते का पाहा. वर्षाचा पहिला दिवस कोणता वार धरला आणि सुट्या कुठे भरल्या, यावरूनही ती बदलते.

प्रत्येक पायरीवर हाताने केलेले साधे गणित सोबत ठेवा. कोणता तपशील किती महत्त्वाचा, हे त्याखेरीज कळत नाही. समजा, तुमचा झोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. त्याची एकच बाजू बाहेर उघडते आणि त्या बाजूवर १० चौरस मीटर साधी काच आहे. बाहेर-आत १० अंशांचा फरक असताना यू-व्हॅल्यू २ असलेली उरलेली २० चौरस मीटर भिंत ४०० वॉट आत आणते. काचेतून वहनाने सुमारे ५७० वॉट येतात. तासाला एक पूर्ण हवाबदल सुमारे १,००० वॉट आणतो, कारण तासाला एक घनमीटर हवा दर अंशाला ०.३३ वॉट वाहून नेते. चौरस मीटरला २० वॉट धरले तर दिवे आणि उपकरणे २,००० वॉट देतात. आणि काचेवर ५०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन पडत असेल, एसएचजीसी ०.८ असेल, तर त्या एका खिडकीतून ४,००० वॉट येतात. अशा झोनमध्ये भिंतीच्या यू-व्हॅल्यूचा दुसरा दशांश जुळवत बसण्यात अर्थ नाही. पण हेच गणित सर्व बाजूंनी इतर खोल्यांनी वेढलेल्या, खिडकी नसलेल्या मधल्या झोनसाठी केले तर उपकरणांशिवाय जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणूनच बाहेरच्या भिंतीलगतचा साधारण साडेचार मीटरचा पट्टा आणि आतला गाभा हे वेगळे झोन करावे लागतात. एका सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण मजला एकच झोन धरला असेल, तर पश्चिमेचे दुपारचे ऊन आणि गाभ्यातील भार एकमेकांत विरघळून जातात आणि कमाल भार कमी दिसतो.

आता बिल. मॉडेल बिलाशी जुळत नाही, याची कारणे या सगळ्याहून वेगळी आहेत. तुमची वेदर फाइल बहुधा ‘नमुनेदार वर्षाची’ असेल. तिच्यात वेगवेगळ्या वर्षांतले प्रातिनिधिक महिने निवडून जोडलेले असतात, त्यामुळे तसे वर्ष प्रत्यक्षात कधीच होऊन गेलेले नसते. बिलाशी तुलना करायची तर ज्या वर्षाचे बिल आहे त्याच वर्षाचे हवामान हवे. बिलात लिफ्ट, बाहेरचे दिवे, पाण्याचे पंप आणि सर्व्हरची खोली येते, जी मॉडेलमध्ये बहुधा नसते. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना जुळत नाही. या गोष्टी सरळ केल्यानंतर उरलेला फरक मी आधी रात्रीच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या वापरात शोधतो. मीटरच्या तासागणिक नोंदी मिळत असतील तर जरूर मिळवा. रिकाम्या इमारतीत रात्रभर चालू राहणारी उपकरणे आणि वातानुकूलन हे मॉडेलचा आकडा कमी येण्याचे माझ्या कामात सर्वाधिक वेळा सापडलेले कारण आहे. दुसरे कारण थर्मोस्टॅटचे. मॉडेलमध्ये २४ अंश असतात, पण मोठ्या तापलेल्या काचेशेजारी बसलेल्या माणसांना हवा २४ अंशांची असूनही उकडते आणि ती थर्मोस्टॅट २१ वर नेऊन ठेवतात.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मॉडेल मोजलेल्या आकड्यांशी जुळवण्यासाठी, अ‍ॅश्रेची मार्गदर्शिका १४ मासिक आकड्यांना ५ टक्क्यांपर्यंत सरासरी कल (एकूण आकडा एका बाजूला झुकणे) आणि १५ टक्क्यांपर्यंत विखुरण (सुटे आकडे वर-खाली चुकणे) चालवून घेते. तासागणिक आकड्यांना या मर्यादा १० आणि ३० टक्के आहेत. या मर्यादा पाळायलाच हव्यात, पण त्या पाळल्या म्हणजे मॉडेल बरोबर झाले असे समजू नका. बिलाचे आकडे बारा आणि बदलता येण्याजोगे तपशील पन्नास, अशा स्थितीत चुकीच्या कारणांनी आकडे जुळवणे फार सोपे असते. गळती वाढवून जुळवलेले मॉडेल आणि उपकरणे वाढवून जुळवलेले मॉडेल आजच्या बिलाशी सारखेच जुळेल, पण काच बदलल्यावर दोघांची भाकिते वेगळी येतील. म्हणून जो तपशील प्रत्यक्ष मोजला आहे, तपासला आहे किंवा इमारतीत जाऊन पाहिला आहे, तोच बदलावा, आणि प्रत्येक बदलाचे कारण लिहून ठेवावे.

शेवटी मालकांचा प्रश्न. काच आणि छत यांची तुलना एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच मूळ मॉडेलवर करा. एकातला मूळ आकडा आणि दुसऱ्यातला सुधारित आकडा वजा करू नका. मग हीच तुलना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्रपणे करा. दोन्हीकडे क्रम तोच आला आणि दोन पर्यायांतले अंतर ठळक असेल, तर एकूण आकड्यांत पाव हिश्श्याचा फरक असला तरी निर्णय पक्का धरायला हरकत नाही. क्रम उलटला, तर वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी छताची शोषकता आणि काचेची एसएचजीसी या दोन ठिकाणी परत जा.

निकाल मजल्यांनुसार वेगळे काढा. तीन मजली इमारतीत छताचा थर फक्त वरच्या मजल्याला थेट उपयोगी पडतो, त्यामुळे संपूर्ण इमारतीच्या बेरजेत तो पर्याय किरकोळ वाटतो. पण वरच्या मजल्यावरच्या लोकांसाठी तोच सर्वांत मोठा दिलासा ठरू शकतो. काचेच्या बाबतीत दिव्यांकडेही लक्ष द्या, कारण ऊन अडवणारी गडद काच उजेडही अडवते आणि दिव्यांचा खर्च वाढवू शकतो. थंड हिवाळा असेल तर तीच काच फायद्याचे ऊनही अडवते, म्हणून हीटिंग आणि कूलिंग दोन्ही मोजा. जिथे रात्री बाहेर गार असते आणि आत उपकरणांची उष्णता भरपूर असते, तिथे छताचा जाड थर रात्री ती उष्णता आतच अडकवतो आणि त्याचा लाभ अपेक्षेहून कमी येतो. या दोन पर्यायांखेरीज तिसरा एक पर्यायही चालवून पाहा, असा माझा आग्रह आहे. छताचा पृष्ठभाग फिकट आणि परावर्तक करणे हा तो पर्याय. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे तो छतावरचा उन्हाचा परिणाम निम्म्याहून खाली आणतो, आणि भरपूर ऊन असलेल्या उष्ण हवामानात तो थराच्या बराच जवळ पोहोचू शकतो.

मालकांना अहवाल देताना प्रत्येक पर्यायाची बचत एका नेमक्या आकड्यात न देता दोन्ही सॉफ्टवेअरमधून आलेल्या पट्ट्यात द्या. सेटपॉइंट, वापराचे तास आणि गळती वाजवी मर्यादेत वर-खाली केल्यास तो पट्टा किती सरकतो, हेही त्याच तक्त्यात दाखवा. सेटपॉइंट एक अंशाने बदलल्यावर पडणारा फरक काचेच्या बचतीइतकाच निघाला, तर काचेचा निर्णय घेण्यापूर्वी महिनाभर खोल्यांची तापमाने मोजायला सांगा.